मान ठेवायची जागा

लोदवारहून लोरुगुमकडे निघालो तेव्हा
मोटरसायकलला दोन रिकामी पोती बांधलेली,
साखर, तंबाखूचे पुडे,
आणि खिशात नैरोबीच्या मुरेगाशेटची चिठ्ठी :
नवं नको. घामानं काळं झालेलं आण.
चामड्याची वादी शाबूत असेल तर दोनशे वर.

हा माझा धंदा.
दुधाची लाकडी भांडी, मनगटी सुऱ्या,
म्हाताऱ्यांची बैठकीची, निजायची लाकडं.
सुरुवातीला लाज वाटायची.
मग तीही कुठंतरी वाटेत पडली,
पोत्याला भोक असावं.

लोचोडो सावलीत बसला होता
आपल्या लाकडावर.
दिवसा बूड, रात्री मान,
एवढं एकच सामान त्या माणसाचं,
जाईल तिथं बोटाला अडकवून नेलेलं.
भाव ठरायला दुपार गेली.
सून, असेकोन, मधेच म्हणाली, बकरीचे पैसे तरी येऊ देत.
तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
विकायचं म्हणजे
त्याला आधी उठावं लागणार होतं.

उठला.
गुडघे वाजले दोन्ही.
हातात घेतलं तर लाकूड गरम होतं,
नुकतं कुणी निजून गेलेल्या जागेसारखं.
त्यानं नोटा मोजल्या नाहीत,
मी मोजून दिल्या तरी.
एवढंच म्हणाला :
घेणाऱ्याला सांग, डाव्या कुशीवर निज म्हणावं.
उजवीकडून कलतं.
एडोमेचं झाड तोडलं तेव्हाच
त्यात ती गाठ होती.

रात्री लॉजमध्ये झोप येईना.
उशी बाजूला सारून
मी ते मानेखाली घेतलं, सहज.
डावी कूस, उजवी कूस, उताणं.
खोबण माझ्यासाठी नव्हती.
तिथं आधीच एक मान होती,
मेंढीच्या चरबीचा वास असलेली,
आणि ती हलायला तयार नव्हती.
पहाटे पहाटे डोळा लागला तर स्वप्नात
नुसती गुरं. माझी नव्हेत. मला त्यांची नावंही येईनात.

मुरेगाशेटनं भिंगातून पाहिलं,
बोट फिरवलं, हुंगलं, खूश झाला.
कुणाचं, असं विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं
की लोचोडोचं, अमुक दुष्काळात कोरलेलं,
माणूस आहे अजून, दात आहेत चार.
मुलीनं चिठ्ठी टाइप केली :
तुर्काना. पुरुषाचे. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध.
कारागीर अज्ञात.
डाव्या कुशीचं राहूनच गेलं.
तसंही ते काचेत उभं राहणार होतं,
अँटवर्पला, खालून दिवा सोडून.
मराल तरी कुणी मान टेकणार नाही त्यावर.
एवढा मान.

पुढच्या खेपेला लोचोडो तिथंच होता.
दुपारी निजलेला,
मानेखाली टायरच्या चपला, एकावर एक.
शेजारी ढलप्यांचा ढीग,
आणि एक नवंकोरं लाकूड,
पांढरंफटक, सोललेल्या कंदासारखं.
नातू, एलिम, त्यावरून शेळीला कुदवत होता.

मी म्हटलं, हे चालणार नाही शेट.
नवं आहे.
तो उठून बसला. हसला. चार दात.
जुनं कसं होतं ठाऊक आहे का रे तुला?
मी गप्प.
तुझ्या शेटला सांग, चाळीस वर्षं लागतील.
माझ्याकडे नाहीत तेवढी.

मग पायानंच ते माझ्याकडे सरकवलं,
धूळ झटकली हातानं
आणि म्हणाला, बस.
चहा होईस्तोवर बस त्यावर.
तेवढंच काम पुढं जाईल.

बसलो.
उजवीकडून कलत होतं.